निरामिष आमिष

'आमिष' ह्या शब्दाचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. संस्कृतांत त्याचा मूळ अर्थ मांस, आणि 'सामिष' व 'निरामिष' हे शब्द भोजनासंबंधानें आपण आजहि त्याच अर्थानें योजतों. परंतु एकटें 'आमिष' मराठींत रुळलें तें गळास लावलेला घांस ह्या अर्थानें. आणि तेथूनहि पुढें सरकून तें आतां लोभ, लांच आणि फसवणूक ह्यांच्या घरीं कायमचें राहावयास गेलें आहे. वर्तमानपत्रांत रोज कोणीतरी कोणास आमिष दाखवीत असतो. मतदार गळाला लागतात, गिऱ्हाइकें गळाला लागतात. मासा तेवढा गळाला लागतांना दिसत नाहीं. कीर्तनांतून व पुराणांतूनहि गळ गिळणारा मासा शतकानुशतकें वावरला तो विषयलोभी जीवाचा दृष्टान्त म्हणून. दृष्टान्त सर्वांस पाठ आणि ज्या वस्तूचा दृष्टान्त तिची माहिती फारच थोड्यांस, अशी स्थिति आपल्या सुशिक्षित वर्गांत ज्या कांहीं गोष्टींची आहे, त्यांत गळाच्या आमिषाची गणना करावी लागेल.

हा विचार मनांत येण्यास एक निमित्त झालें. पुण्याच्या आसपास खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना ह्या जलाशयांच्या कांठीं सुटीच्या दिवशीं गळ टाकून बसणारे हौशी तरुण आतां दृष्टीस पडतात. त्यांच्या पेटींत कणकेच्या डब्याशेजारीं रंगीबेरंगी, मऊ, वळवळणारे प्लास्टिकचे किडे असतात. हे किडे मुळांत अमेरिकेंतील 'बास' नांवाच्या माशासाठीं निर्माण झालेले. हा मासा उत्तर अमेरिकेचा. आपल्या भीमा-कृष्णेच्या खोऱ्याचा तो रहिवासी नव्हे. तरीहि पाकिटें येथवर आलीं आहेत, आणि त्यांबरोबर नवशिक्याचा प्रश्नहि आला आहे: ह्यांतला त्यांतल्या त्यांत स्वस्त आणि तरीहि मासा फसेल असा किडा कोणता? प्रश्न क्षुद्र वाटेल. परंतु थोड्या खर्चांत गुणकारी आमिष कोणतें, हा प्रश्न ह्या प्रदेशांत निदान नऊशें वर्षांचा जुना आहे. त्याला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास पाहिला म्हणजे नवशिक्यालाहि उत्तर मिळतें, आणि आपल्या नद्यांविषयीं व आपल्या विद्येविषयीं कांहीं गोष्टी ध्यानांत येतात. म्हणून हा प्रपंच.

कल्याणीच्या चालुक्य वंशांतील राजा तिसरा सोमेश्वर, 'भूलोकमल्ल' हें बिरुद धारण करणारा, इ. स. ११२६ च्या सुमारास गादीवर आला आणि सुमारें बारा वर्षें राज्य करून गेला. त्याच्या नांवावर असलेला 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिन्तामणि' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस तो चांगला परिचित आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात हा प्रसिद्ध उल्लेख त्याच ग्रंथांतला, आणि जुन्या मराठीचे कांहीं नमुनेहि त्यांतील गीतप्रकरणांत सांपडतात. ग्रंथाच्या पांच 'विंशति' व प्रत्येकींत वीस अध्याय, असे एकंदर शंभर अध्याय आहेत. राज्य कसें मिळवावें, कसें स्थिर करावें, त्याचा उपभोग कसा घ्यावा, मन कसें रमवावें आणि कोणत्या क्रीडा कराव्या, असा त्याचा विस्तीर्ण विषय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर ह्यांच्या संपादनानें त्याचे भाग १९२५, १९३९ आणि १९६१ ह्या सालीं प्रसिद्ध झाले. ओवीच्या शोधांत ज्यांनीं हा ग्रंथ चाळला, त्यांपैकीं बहुतेकांनीं त्यांतील 'मत्स्यविनोद' हें प्रकरण ओलांडून पुढें जाणेंच पसंत केलें. तें काळजीपूर्वक वाचून जगापुढें मांडण्याचें श्रेय सुंदरलाल होरा ह्या प्राणिशास्त्रज्ञाकडे जातें. त्यांचा लेख १९५१ त एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत आला. म्हणजे साहित्यिकांच्या घरचा ठेवा मत्स्यशास्त्रज्ञानें उघडून दाखविला!

ह्या प्रकरणांत राजा प्रथम माशांची वर्गवारी करतो. समुद्राचे कोणते, नदीचे कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मोठे कोणते, लहान कोणते. सुमारें पस्तीस जाति तो नांवानिशीं सांगतो. मग कोणत्या जातीस काय खाऊं घालावें ह्याकडे तो वळतो: कोणास पिठाचे गोळे, कोणास पेंड, कोणास भात, कोणास मांस. एका ठरलेल्या जागीं चारा टाकून माशांस त्या जागेची व त्या घांसाची संवय लावावी, आणि मग त्याच घांसांत गळ लपवून सोडावा, अशी ती पद्धति. काठी, दोर, गळ ह्यांचें वर्णनहि येतें. परंतु आमच्या दृष्टीनें ह्या प्रकरणाचें खरें महत्त्व त्याच्या क्रमांत आहे. ज्याच्या कोशांत कशाचीच वाण नव्हती तो राजा आमिषाचा विचार करूं लागला तेव्हां त्यानें आरंभ माशापासून केला. कोणता मासा, तो कोठें राहतो, तो काय खातो, हें ठरल्यावर आमिष आपोआप ठरतें, आणि आश्चर्य हें कीं तें बहुधा स्वयंपाकघरांतलेंच निघतें. चालुक्य सम्राटाच्या गळाला लागलेला घांस गरिबाच्या घरच्या पिठाहून फारसा निराळा नव्हता.

आणि येथेंच आमच्या शीर्षकांतला विरोधाभास उद्भवतो. पिठाचा, पेंडीचा, भाताचा हा घांस मांसाचा नसून आमिष होता. तो 'निरामिष आमिष' होता. भाषेच्या दृष्टीनें हा वदतोव्याघात आहे, परंतु नदीच्या दृष्टीनें त्यांत विसंगत असें कांहींच नाहीं. कारण आपल्या दख्खनी नद्यांतील पुष्कळसे मोठे मासे स्वभावानें फलाहारी, धान्याहारी अथवा सर्वाहारी आहेत.

येथें एका मोहापासून आपण सावध राहिलें पाहिजे. 'मानसोल्लासा'सारखा ग्रंथ हातीं लागला कीं, जें जें पाश्चात्त्यांकडे आहे तें तें आमच्याकडे आधींच होतें, असें म्हणण्याची उबळ आपल्याकडे लवकर येते. कालगणना तर अनुकूलच आहे. इंग्रजींतील गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील प्रबंध, जो डेम ज्युलियाना बर्नर्स हिच्या नांवावर मोडतो, तो १४९६ चा. आयझॅक वॉल्टनचा 'कम्प्लीट अँगलर' १६५३ चा. आपला राजा पहिल्याच्या साडेतीन शतकें आणि दुसऱ्याच्या पांच शतकें आधींचा. परंतु ते इंग्रजी ग्रंथ वाचून पाहिले तर निराळीच गोष्ट मनावर ठसते. बर्नर्सच्या प्रबंधांत कोणत्या माशास कोणत्या महिन्यांत कोणतें आमिष ह्याची तपशीलवार यादी आहे. वॉल्टन कार्प माशासाठीं मधांत मळलेल्या पिठाच्या गोळ्या सांगतो आणि गांडुळें ओल्या शेवाळांत ठेवून कशीं स्वच्छ व चिवट करावीं हेंहि सांगतो. ह्या मंडळींस कल्याणीच्या राजाचें नांवहि ठाऊक असणें शक्य नव्हतें. दोन दूरच्या देशांत, दोन निराळ्या नद्यांच्या कांठीं, मनुष्यें एकाच निष्कर्षाला येऊन पोंचलीं, कारण दोन्हीकडे तीं माशाकडे पाहत होतीं. अग्रपूजेचा मान कोणाला, ह्यापेक्षां हें साम्य आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

आतां राजास ही माहिती कोणी दिली असेल? ग्रंथांत कोणा कोळ्याचें वा भोयाचें नांव नाहीं, आणि तशी अपेक्षाहि त्या काळच्या ग्रंथकाराकडून करणें व्यर्थ. परंतु पस्तीस जातींच्या माशांचा आहार राजवाड्याच्या सज्जांत बसून कळत नाहीं. ज्यांचें पोट नदीवर चालत होतें त्यांच्याच तोंडून तो राजाच्या पंडितांपर्यंत पोंचला असला पाहिजे. देशावर भोई आणि कोळी, कोंकणपट्टींत नाना जातींचे दर्यावर्दी, ह्यांनीं ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली. देशावर ज्याला गळ म्हणतात त्याला कोंकणांत गरी म्हणतात, आणि गरीनें मासे धरण्यास 'गरवणें' असें स्वतंत्र क्रियापद त्या भाषेनें घडविलें. ज्या क्रियेला स्वतःचें क्रियापद आहे ती केवळ करमणूक नव्हती, हें भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

ह्या विद्येचें मर्म माशाच्या तोंडांत आहे. ज्याचें तोंड खालच्या बाजूस वळलेलें, तो तळाचा गाळ व शेवाळ चरणारा. ज्याचें तोंड वरच्या बाजूस उघडणारें, तो पृष्ठभागाजवळ चरणारा. आपल्या धरणांत बीज सोडून वाढविलेला कटला हा असा मासा असून तो पाण्यांतील सूक्ष्म जीव कल्ल्यांतील चाळणीनें गाळून खातो. ज्याच्या ओठांभोंवतीं लांब मिशा, तो शिंगाळ्यासारखा मासा गढूळ पाण्यांतहि वासानें व स्पर्शानें भक्ष्य शोधतो. ज्याच्या जबड्यांत टोंकदार दांत, तो मरळीसारखा मासा पाणवनस्पतींत दबा धरून बसतो आणि बेडूक, लहान मासे ह्यांवर झडप घालतो. महसीर हा तर सर्वांहून निराळा. त्याच्या जबड्यांत दांत नसतात. ते असतात घशांत, आणि तेथें तो खेंकडे, शिंपले, कठीण बिया आणि कांठच्या झाडांचीं पाण्यांत पडलेलीं फळें चिरडून खातो. म्हणून त्याच्यासाठीं नाचणीचा उंडा, मरळीसाठीं बेडूक किंवा लहान मासा, वामेसाठीं गांडूळ, शिंगाळ्यासाठीं उग्र वासाचें कांहींतरी, अशी ही जुनी वांटणी आहे.

ऋतूचा विचारहि त्यांत आहे. पहिल्या पुरांत पाणी लाल होतें आणि शेतांतलीं गांडुळें वाहून नदींत येतात. त्या दिवसांत गांडूळ लावणारा मनुष्य नदीच जें वाढीत आहे तेंच वाढीत असतो. हिवाळ्यांत पाणी निवळतें, मासा डोळ्यांनीं पारखूं लागतो, आणि जाड दोर व ओबडधोबड घांस पाहून तो दूर होतो. पिठाची गोळीहि मळावयाची ती जाणून. ती फार सैल झाली तर पाण्यांत पडतांच विरघळते, फार घट्ट झाली तर तिचा वास पसरत नाहीं. म्हणून नाचणीचें पीठ शिजवून त्याचा उंडा करतात. तो टिकतोहि आणि हळूहळू झिजत वासहि सोडतो. पेंड ठिसूळ, तिचा उपयोग गळाला लावण्यापेक्षां जागेवर चारा म्हणून टाकण्यास अधिक. ह्या सगळ्यास पैसा असा फारसा लागत नाहीं. लागतें तें लक्ष.

एकोणिसाव्या शतकांत ह्या विद्येकडे साहेबाचें लक्ष गेलें. कर्नल विल्यम सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून दख्खनभर हिंडला. पिकें, पर्जन्य, पक्षी, प्राणी ह्यांची टिपणें करतां करतां त्यानें येथील नद्यांतील माशांचाहि अभ्यास केला, आणि 'दख्खनचे मासे' ह्या विषयावरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळाच्या कार्यवृत्तांत १८४१ त सचित्र छापला गेला. पुण्याच्या पूर्वेस सुमारें आठ मैलांवर मुळा-मुठेंत सांपडलेल्या महसिराला त्यानें 'खुद्री' हें नांव दिलें, आणि शास्त्रांत तो आजहि 'टॉर खुद्री' ह्याच नांवानें ओळखला जातो. नवीन जातींस नांवें देतांना सायक्सनें पुष्कळ ठिकाणीं येथील लोकांच्या तोंडचींच नांवें उचललीं. 'कोलुस', 'नुक्ता', 'शिंगटी', 'बोगट' अशीं नांवें लॅटिन नामावलींत जाऊन बसलीं. परदेशच्या कोणत्याहि विद्यापीठांत आज मत्स्यशास्त्राचा अभ्यासक ह्या जातींचा उल्लेख करतो तेव्हां तो नकळत मुळा-मुठेच्या कांठची बोली बोलत असतो. नांवें अशीं अमर झालीं. तीं सांगणारे मात्र येथेंहि निनांवीच राहिले.

सायक्स हा संग्राहक होता. गळाचा खरा शोकी म्हणजे हेन्री सलिव्हन टॉमस हा मद्रासकडचा सनदी अधिकारी. मंगळुरास छापलेलें त्याचें 'दि रॉड इन इंडिया' हें पुस्तक १८७३ चें. पुढें १८८७ त तळ्यांतील मासेमारीवर त्यानें स्वतंत्र पुस्तक लिहिलें. टॉमसच्या पिढीच्या शोकी साहेबांचें सामान विलायतेहून येई. रेडिच गांवचे गळ, बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेल्या काठ्या, पाण्यांत फिरून चमकणारे धातूचे चमचे, असा तो थाट. चमचा हें महसिरासाठीं उत्तम आमिष ठरलें, कारण तो मासा लहान माशांचीहि शिकार करतो. परंतु दक्षिणेंत कावेरीच्या डोहांत मोठ्या महसिरासाठीं साहेबांच्या नातवांपर्यंत सर्वांनीं शेवटीं हातीं धरला तो शिजविलेल्या नाचणीचा उंडाच. तो मळणारा गांवचाच मनुष्य असे, आणि डोहाची जागा दाखविणाराहि तोच.

ह्या पार्श्वभूमीवर आतां त्या प्लास्टिकच्या किड्याकडे पाहावें. अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील अक्रन ह्या गांवीं निक क्रीम नांवाच्या गृहस्थानें व त्याच्या पत्नीनें १९४९ त मऊ प्लास्टिकचा पहिला यशस्वी किडा तयार केला. अक्रन हें रबराच्या धंद्याचें शहर. तेथें अशी कल्पना एखाद्यास सुचावी हें स्वाभाविक. प्लास्टिकची भुकटी तेलकट द्रवांत कालवून तापवावयाची, सांच्यांत ओतावयाची, आणि थंड झाली कीं गांडुळासारखी लवचिक वस्तु हातीं येते. पाण्यांत ती जराशा ओढीनें वळवळते. लांकडाचें वा धातूचें आमिष तोंडांत आल्याबरोबर मासा तें थुंकून टाकतो. हें मऊ असल्यामुळें क्षणभर अधिक धरून ठेवतो, आणि गळ बसण्यास तो क्षण पुरतो. शिवाय गळाचें टोंक किड्याच्या अंगांतच लपवितां येत असल्यामुळें पाणवनस्पतींत तें अडकत नाहीं. बास हा नेमका अशाच झुडुपांत दबा धरणारा, झडप घालणारा मासा. म्हणून हें आमिष त्याला लागू पडलें आणि त्याचा मोठा व्यापार उभा राहिला.

क्रीमच्या ह्या युक्तीमागेंहि तीच जुनी विद्या आहे. आपल्या तळ्यांतला मासा कोणता व तो काय गिळतो हें त्यानें पाहिलें आणि त्याची स्वस्त नक्कल केली. युक्ति त्याची होती, मासा त्याचा होता, पाणीहि त्याचें होतें. पुण्याचा नवशिका पाकीट विकत घेतो तेव्हां त्याला युक्तीचें फळ मिळतें. मासा आणि पाणी मात्र त्याचें त्यालाच ओळखावें लागतें. त्यानें हा किडा कटल्यापुढें नाचविला तर पाकीट कितीहि महाग असलें तरी व्यर्थ, कारण कटला पाणी गाळून खाणारा. रोहू किंवा महसीर हवा असेल तर पिठाची गोळी अधिक खरी. मरळ मात्र बासासारखीच दबा धरणारी व झडप घालणारी. मऊ किडा, किंबहुना मऊ प्लास्टिकचा बेडूक, तिला फसवितो. एवढें ठरल्यावर बाकीची निवड सोपी आहे. पाणी गढूळ असेल तर गडद रंग घ्यावा, कारण मासा त्याची आकृति पाहतो. पाणी निवळ असेल तर फिका, पारदर्शक रंग पुरे. आकार त्या पाण्यांतल्या खऱ्या भक्ष्याएवढा असावा. एकाच झडपेंत फाटणारा किडा कितीहि स्वस्त मिळाला तरी तो महागच. चिवट असा साधा किडा, एक गडद आणि एक फिका, एवढ्यावर हंगाम निभतो. रंगांची, चकाकीची आणि सुगंधांची जी लांबलचक यादी दुकानदार पुढें करतो तिच्यांतील बरेंचसें माशासाठीं नसून गिऱ्हाइकासाठीं असतें. आमिष शब्दाचा आधुनिक अर्थ येथें पुन्हां उपयोगी पडतो.

परंतु स्वस्ताईचा हिशेब एवढ्यानें पुरा होत नाहीं. कणकेची गोळी गळावरून सुटली तर कोणत्यातरी माशाच्या पोटांत जाते आणि व्यवहार तेथेंच मिटतो. प्लास्टिकचा किडा सुटला तर तो तळाशीं वर्षानुवर्षें पडून राहतो, आणि एखाद्या माशानें गिळला तर त्याच्या पोटांत पचत नाहीं. दोन्ही आमिषें निरामिषच. पण एक नदीच्या अन्नांत मिसळून जातें आणि दुसरें तिच्या कचऱ्यांत भर घालतें. ज्याला हा किडा वापरावयाचाच असेल त्यानें फाटलेले तुकडे खिशांत घालून घरीं आणावे, एवढा खर्च किमतींत धरला पाहिजे.

ह्याहून गंभीर असा दुसरा हिशेब आहे. कणकेच्या गोळीचें आपल्याकडे आणखी एक रूप आहे, जें ह्या इतिहासांत विसरतां कामा नये. देहूस व आळंदीस इंद्रायणीच्या डोहांतील मासे भाविकांनीं पिढ्यान् पिढ्या राखले. महाडच्या बाजूस वाळणच्या कोंडींतील मासे देवीचे म्हणून राखले गेले. अशा ठिकाणीं यात्रेकरू कणकेच्या गोळ्या, लाह्या, चुरमुरे पाण्यांत टाकतात आणि मोठमोठे मासे कांठाशीं येऊन ते घेतात. वस्तु तीच, पाणी तेंच, मासाहि तोच. गोळींत गळ असला तर तें आमिष, नसला तर तें पुण्य. परंतु दोघांनाहि, भोयास आणि वारकऱ्यास, एकच गोष्ट ठाऊक होती: हा मासा पीठ खातो. शिकार आणि श्रद्धा ह्या दोन परस्परविरुद्ध वाटांनीं माशाविषयींचें ज्ञान लोकांत जिवंत राहिलें.

तें ज्ञान आज कशाच्या आधारावर उभें आहे? सायक्सनंतर शंभर वर्षांनीं, १९४२ त, फ्रेझर ह्यानें मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या पत्रिकेंत पुण्याच्या माशांवर लेख लिहिला. सुटर ह्यानें १९४४ त त्यांत भर घातली. त्यानंतरहि पुण्याच्या अभ्यासकांनीं वेळोवेळीं अशा याद्या केल्या आहेत. ह्या याद्या एकापुढें एक ठेवून वाचल्या म्हणजे मन उदास होतें. शहरांतून वाहणाऱ्या मुळा-मुठेंतून एकेक नांव गळत जातें, आणि सांडपाणी सोसणारे व बाहेरून आणलेले मासे त्यांची जागा घेतात. त्यांत १९५२ त हिंदुस्थानांत आणलेला तिलापिया, ज्याला आपले मच्छीमार चिलापी म्हणतात, हा अग्रेसर. देहू-आळंदीच्या इंद्रायणींत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात. ज्या डोहांत गळ टाकणें पाप होतें त्या डोहांत मैला आणि रसायनें सोडण्यास कोणतीच श्रद्धा आडवी आली नाहीं.

उपाय झाले नाहींत असें नाहीं. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज-कंपनीनें १९७० च्या सुमारापासून महसिराची पैदास सुरू केली आणि लक्षावधि पिलें वाढवून ठिकठिकाणच्या जलाशयांत सोडलीं. 'टॉर खुद्री' सर्वस्वी नष्ट झाला नाहीं ह्याचें बरेंचसें श्रेय ह्या खटाटोपास दिलें पाहिजे. परंतु हीच पिलें दूर कावेरींतहि सोडलीं गेलीं, आणि तेथें त्यांचा असा विस्तार झाला कीं कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीर मागें पडत गेला. त्या माशाची शास्त्रीय ओळख 'टॉर रेमादेवी' म्हणून २०१८ त निश्चित झाली, आणि त्याच वर्षीं तो अतिसंकटग्रस्त जातींत गणला गेला. नांव पटलें तेव्हां मासा जवळजवळ संपला होता. आमच्या पुणें जिल्ह्यांतला मासा परक्या पाण्यांत टाकतांना हेतु उत्तमच होता; पण कोणता मासा, कोणतें पाणी, हा सोमेश्वराचा पहिला प्रश्न पुरेसा विचारला गेला नाहीं.

सारांश, आमिषाच्या नऊशें वर्षांच्या ह्या इतिहासांत साहित्य पुष्कळ बदललें. पीठ गेलें, चमचा आला. चमचा मागें पडला, प्लास्टिक आलें. स्वस्त आमिषाचें रहस्य मात्र सर्व काळीं एकच राहिलें: ज्याला मासा माहीत त्याला आमिष स्वस्त, ज्याला मासा माहीत नाहीं त्याला सर्वच आमिषें महाग. हें ज्ञान ग्रंथांत थोडें आणि नदीकांठच्या माणसांच्या तोंडीं फार आहे. अजून मुळशी-मावळांत, भीमेच्या कांठीं असे भोई व कोळी आहेत कीं जे पाण्याचा रंग पाहून आमिष सांगतात. 'मानसोल्लासां'तील ओवीचा एक उल्लेख आपण जपला, त्याच्यावर प्रबंध लिहिले. त्याच ग्रंथांतला मासा ज्यांनीं राजाला ओळखून दिला त्यांच्या वंशजांकडे जाऊन, माशांचीं नांवें, त्यांचे डोह, त्यांचे हंगाम आणि त्यांचे घांस हीं सर्व लिहून घेण्याचें काम मराठीच्या अभ्यासकांनींच अंगावर घेतलें पाहिजे. पण तें लवकर केलें पाहिजे. मासा नदींतून गेला म्हणजे त्याचें नांव एका पिढींत जातें, आणि नांव गेल्यावर त्याला काय आवडत होतें हें सांगणारा कोणी उरत नाहीं. मग दुकानांत आमिषें शंभर प्रकारचीं मिळतील, आणि 'आमिष' शब्दाला मराठींत लांच-लोभाखेरीज दुसरा अर्थ राहणार नाहीं.